माद्रिदच्या आधी हैदराबाद

मुरुममध्ये राहून चॅम्पियन्स लीग बघायची म्हणजे रात्रीचं जागरण आलंच. युरोपात संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात, थंडीच्या दिवसांत दीड. घरचे झोपलेले, कानात इअरफोन, मोबाईलचा ब्राइटनेस कमी आणि गोल झाला तरी ओरडायची चोरी. सकाळी कट्ट्यावर मात्र आवाजाला बंदी नसते. तिथला एक वाद दरवर्षी ठरलेला. माद्रिदवाला म्हणतो, "सलग पाच वेळा कप कुणी जिंकलाय का दुसऱ्या कुणी?" पुढे कुणी बोलत नाही.

मीही बरीच वर्षं गप्प बसलो. मग एक जुनी यादी वाचनात आली आणि लक्षात आलं, की माद्रिदच्या आधी एका संघाने एक बाद पद्धतीचा मोठा कप सलग पाच वर्षं जिंकला होता. तो कप मुंबईत खेळला जायचा. आणि जिंकणारा संघ ज्या राज्याच्या राजधानीचा होता, त्याच राज्यात तेव्हा आपलं मुरुम होतं.

आधी माद्रिदचं सांगतो. 'युरोपियन कप' १९५५मध्ये सुरू झाला. कल्पना 'लेकिप' या फ्रेंच क्रीडा दैनिकाची, त्यातही गॅब्रिएल हानो या पत्रकाराची. युरोपातला सगळ्यांत भारी क्लब कोणता, हे ज्याने त्याने घरबसल्या ठरवण्यापेक्षा सगळ्यांना आमनेसामने आणा, एवढं साधं म्हणणं होतं. १३ जून १९५६ रोजी पॅरिसमध्ये पहिली फायनल झाली. रिआल माद्रिदने रीम्सला ४-३ असं हरवलं. तिथून १९६०पर्यंत कप माद्रिदकडेच राहिला. पाचवी फायनल ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर सव्वा लाखाहून जास्त लोकांनी पाहिली. त्यात फ्रँकफुर्टला ७-३ हरवताना पुश्काशने चार आणि दि स्टेफानोने तीन गोल केले. आजही युरोपात 'सलग पाच' म्हटलं की हीच पाच वर्षं डोळ्यांसमोर येतात.

आता मुंबईत येऊ. कूपरेज मैदानावरची 'रोव्हर्स कप' ही स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, म्हणजे युरोपियन कपच्या चौसष्ट वर्षं आधी. सुरुवात केली इंग्रजांनी आणि जिंकायचेही तेच. पहिला कप वूस्टरशर रेजिमेंटने नेला. त्यानंतर १९३६पर्यंत कुठली ना कुठली गोरी पलटणच कप उचलायची. १९२३ साली मोहन बागान फायनलपर्यंत पोचला, पण डरहॅमच्या पलटणीपुढे हरला. अखेर १९३७मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा संघ जिंकला आणि पहिल्यांदा हिंदी माणसांच्या हातात हा कप आला. कलकत्त्याची आयएफए शील्ड, ड्युरँड कप आणि मुंबईचा रोव्हर्स या तीन स्पर्धांवर तेव्हा देशातल्या संघाची पत ठरायची.

१९५० साली रोव्हर्स जिंकला 'हैदराबाद सिटी पोलीस' या संघाने. १९५१ला पुन्हा त्यांनीच. १९५२, १९५३, १९५४, दरवर्षी तेच. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग या कलकत्त्याच्या बड्या क्लबांचा दबदबा असलेल्या काळात ही गोष्ट झाली. १९५०चा ड्युरँडही हैदराबादने मोहन बागानला हरवून जिंकला. एक बाद स्पर्धेत एक वाईट दिवस पुरतो. पाय घसरला, पंच चुकला, पाऊस आला, खेळ खलास. लीगसारखी पुढच्या आठवड्यात भरपाई नसते. अशा स्पर्धेत पाच वर्षं एकही वाईट दिवस येऊ द्यायचा नाही, हे नशिबाचं काम नव्हे.

रोव्हर्स म्हणजे युरोपियन कप नव्हे, हे मलाही कळतं. पुश्काश कूपरेजवर कधी उतरला नाही. पण 'सलग पाच' हा हिशेब करायचाच असेल, तर आपली पाटी कोरी नाही.

आता गोष्ट अवघड होते.

१९५० साली मुरुम महाराष्ट्रात नव्हतं. महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानातला, आणि जिल्ह्याचं नावही निजाम उस्मान अली खानाचं. सोलापूर ऐंशीएक किलोमीटरवर, पण ते इंग्रजी मुलुखात. मध्ये करोडगिरीचा नाका. तिकडचा रुपया वेगळा, इकडचं हाली नाणं वेगळं. शाळा-कचेरीची भाषा उर्दू. आजही आपल्याकडे जमिनीचा वाद निघाला की वकील १९५४चं खासरा पत्रक काढायला सांगतो. ते हैदराबाद राज्याचंच दप्तर. रस्त्याने पाहिलं तर मुरुमहून हैदराबाद हे मुंबईच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे.

१३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून संस्थानात घुसली ती आपल्याच रस्त्याने. आधी नळदुर्ग, मग जळकोट, त्याच दिवशी उमरगा. आज आपण ज्या महामार्गावर उभे राहून हैदराबादच्या गाडीला हात करतो, त्यावरून रणगाडे गेले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो. शाळेत झेंडावंदन होतं, भाषणं होतात, मग सुट्टी.

त्याआधीची दोन वर्षं या भागाने रझाकारांचा जाच सोसला होता. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. त्यानंतर काय झालं, ते भाषणांत फारसं येत नाही. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं. संस्थानात मेलेल्यांचा समितीचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. हा अहवाल कित्येक दशकं बंद कपाटात राहिला.

म्हणजे १९५० साली आपल्या भागात दोन्ही बाजूंच्या जखमा ओल्या होत्या. एकाच्या मनात रझाकार, दुसऱ्याच्या मनात रझाकारांच्या नावाने त्याच्या घरावर चालून आलेला जमाव. 'हैदराबादचा पोलीस' या शब्दांनी तर अंगावर काटा यायचा. आणि नेमका त्याच नावाचा संघ मुंबईत जाऊन कप जिंकत होता. नूर महंमद, अझीझुद्दीन, मोईनुद्दीन अशी नावं त्यात होती.

इथे एक फरक सांगायला हवा. हैदराबाद शहराचं पोलीस खातं जिल्ह्यांच्या पोलिसांपासून वेगळं होतं. शहराचा कोतवाल वेगळा, कारभार वेगळा. फुटबॉल खेळणारी ही पोरं शहर आणि सिकंदराबादच्या छावणीच्या आसपासच्या मोहल्ल्यांतली. छावणीत गोऱ्या पलटणी होत्या, त्यांच्याबरोबर फुटबॉल आला आणि मोहल्ल्यात रुजला. आपल्याकडे छावणी नव्हती. आपल्या मैदानावर कुस्ती होती, आट्यापाट्या होत्या.

या संघाच्या मागे उभा असलेला माणूस शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम, जन्म १९०९, शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. १९४३पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते आणि १९५०मध्ये सिटी पोलिसांचे प्रशिक्षक झाले. सगळे त्यांना 'रहीम साब' म्हणत. 'मैदान' या सिनेमात अजय देवगणने केलेली भूमिका त्यांचीच. सिनेमात भारतीय संघाची गोष्ट मोठी आहे, पण त्या संघाची तालीम आधी इथे झाली होती.

रहीम साबांची रीत मास्तरासारखीच होती. मुलगा कशात कच्चा आहे ते शोधायचं आणि नेमका तोच धडा पुन्हा पुन्हा घ्यायचा. आपल्याकडे तेव्हा बॉल पायाशी ठेवून चार जणांना चकवणाऱ्याला टाळ्या मिळायच्या. रहीम साबांनी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा घेतल्या. बॉल आला की दे, दिला की जागा बदल. उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्या पायानेच खेळायचं, असेही सामने ठेवले. हा खेळ दिसायला साधा वाटतो, पण समोरच्याला नक्की कुणाला अडवायचं तेच कळत नाही.

दुसरं कारण पगाराचं. खेळाडू पोलीस खात्यात नोकरीला होते. महिन्याला ठरलेले पैसे, ठरलेलं मैदान, रोज एकत्र सराव. मुंबईतही पुढे असंच झालं. कॅलटेक्स, मफतलाल मिल, टाटा, रेल्वे अशा नोकरी देणाऱ्यांचे संघ उभे राहिले. पोट भरलं की पाय चालतात, एवढाच यातला हिशेब.

पोलीस ॲक्शनला अडीच वर्षं होत होती, तेव्हा मार्च १९५१मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांची फायनल झाली. भारताने इराणला १-० हरवून सुवर्णपदक घेतलं. प्रशिक्षक होते रहीम साब. पुढच्या वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. आपले बरेच खेळाडू थंडीत अनवाणी खेळले होते. नूर महंमद आणि अझीझुद्दीन या संघात होते आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकलाही होते. ज्या शहरावर १९४८ साली फौज चालून गेली, त्याच शहराच्या पोरांनी चार वर्षांच्या आत भारताची जर्सी घातली होती. यावर कुणी भाषण केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ते खेळले, एवढंच.

मला या गोष्टीत अडकायला होतं ते इथे. हा संघ आपला होता का? राज्य एकच होतं. मुंबईहून हैदराबादला जाणारी रेल्वे सोलापूर, गुलबर्गा, वाडी अशी जाते. म्हणजे त्या काळी कप आपल्या दक्षिणेकडून, हाकेच्या नाही पण एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरावरून, पाच वेळा घरी गेला असणार. मुरुममध्ये त्याचा आनंद झाला असेल असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात दुःख ताजं आहे त्याने कुणाच्या जिंकण्यावर पेढे वाटावेत, ही अपेक्षा करायला आपण कोण? पण आज, सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी, आपल्याला ते नावसुद्धा माहीत नसावं, हे मात्र खटकतं.

यामागे एक साधं कारण आहे. आपल्या शाळेतला इतिहास १७ सप्टेंबर १९४८ला थांबतो आणि थेट १ मे १९६०ला सुरू होतो. मधली आठ वर्षं, म्हणजे भारतात सामील झालेल्या पण अजून न मोडलेल्या हैदराबाद राज्याची वर्षं, कुणाच्याच पुस्तकात नीट बसत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ला ते राज्य मोडलं. तेलंगणा आंध्रात गेला, गुलबर्गा-बिदर म्हैसूरकडे आणि आपण मुंबई राज्यात आलो. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं आणि ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. हॅटट्रिक केली नेव्हिल डिसोझाने. तो मुंबईत खेळणारा गोवेकर, म्हणजे आता आपल्या नव्या राज्याचा. प्रशिक्षक रहीम साबच, म्हणजे आपल्या जुन्या राज्याचे. मुरुमच्या माणसाला त्या दिवशी दोन्हीकडून हक्क सांगता आला असता.

पुढचं थोडक्यात. रहीम साबांनी १९६२मध्ये जकार्तात भारताला पुन्हा आशियाई सुवर्ण मिळवून दिलं. तेव्हा ते कॅन्सरने आजारी होते. ११ जून १९६३ला ते गेले. सिटी पोलिसांचा संघ आंध्र पोलीस झाला, काही वर्षं जिंकला, मग मागे पडला. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर झालाच नाही. एकशे दहा वर्षं चाललेली स्पर्धा बंद झाल्याचं मुंबईबाहेर फारसं कुणाला कळलंही नाही. अलीकडे हैदराबाद एफसी नावाचा संघ आला तो बंद पडलेल्या पुणे सिटीच्या जागी. त्याने २०२१-२२ची इंडियन सुपर लीग जिंकली आणि मग त्यालाही हैदराबाद सोडून दिल्लीला जावं लागलं. माद्रिद मात्र जिथे होता तिथेच आहे. त्यांची पाच वर्षं लोकांच्या तोंडी राहिली, कारण ती सांगणारा क्लब जिवंत राहिला.

आपल्याकडे सांगणारं कुणी उरलं नाही. संघ गेला, कप गेला, राज्यही गेलं.

आजही पहाटे पाचला मुरुमच्या रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. रात्री माद्रिद बघून डोळे चोळत धावणारेही त्यात असतात. त्यांच्यातल्या एकाला मी परवा ही गोष्ट सांगितली, की एका पोलीस संघाने माद्रिदच्या आधी सलग पाच वेळा कप मारला होता आणि त्या वेळी आपण त्याच राज्यात होतो. त्याला आधी पटेना. मोबाईल काढून शोधायला लागला. मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारलं, "मग आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही?"

आता कट्ट्यावर हा प्रश्न माद्रिदवाल्याला विचारू नका, त्याचा यात काही दोष नाही. घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या आजोबांना विचारा. ते १९५०चं काय सांगतात ते ऐका. फुटबॉलचं सांगणार नाहीत बहुतेक. पण जे सांगतील ते लिहून ठेवा.