वाळ्याची जागा न्हाणीमागे

वाळा नदी-ओढ्याच्या ओल्या काठचं गवत असलं, तरी त्याचा खरा कस वऱ्हाडासारख्या कोरड्या मुलखातच लागला. मे महिन्यात बडनेऱ्याला पारा 45 अंशांपुढे जातो आणि हवेत दमटपणा नसतो. त्यामुळे वाळ्याच्या मुळांच्या ओल्या ताटीतलं पाणी झरझर वाफ होतं आणि आत येणारी झुळूक गार होते. दमट मुंबईत ही युक्ती फारशी चालत नाही. 1867 मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोचली, बडनेरा जंक्शन कापसाच्या वाहतुकीचं ठाणं झालं. त्या अमदानीत कचेऱ्या-बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर दिवसभर पाणी शिंपडलं जाई. पुढं कूलर आला, तरी उन्हाळ्याच्या तोंडावर ‘खस’ म्हणजे वाळा लावणं राहिलंच. फक्त त्या खसेत आता बहुधा लाकडाचा भुसभुशीत कीस असतो.

वाळा मागं पडला तो यंत्रामुळे, असं म्हणणं सोपं आहे. पण कूलरलाही ताटी लागतेच. खरी अडचण पुरवठ्याची होती. ताटीतला वाळा म्हणजे या गवताचं मूळ. ते काढायचं तर अख्खं थोंब उपटावं लागतं. काठावरून नुसतं खणून नेलं आणि परत लावलं नाही, तर वाळाही जातो आणि काठाची मातीही. कर्नाटकात गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी तो बांधावर राखला, म्हणून तिथं टिकला. 1980च्या दशकात जागतिक बँकेनं मृद्संधारणासाठी हीच रीत उचलली.

आपल्याकडे बांधाआधी परस आहे. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी-अळू लावायची रीत जुनीच. वाळा त्याच ओळीत बसतो. तो बाग व्यापेल ही भीती लव्हाळ्याबाबत खरी, पण लागवडीच्या दक्षिणी वाळ्याला रुजणारं बी जवळजवळ धरत नाही आणि त्याची मुळं आडवी न पसरता खोल जातात. काळ्या मातीत ती काढताना तुटतात, हा आक्षेप मात्र रास्त. त्यासाठी वाळू मिसळलेला उंच वाफा हवा. पावसाच्या सुरुवातीला लावलेलं थोंब पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, दीडेक वर्षाचं होऊन, खणता येतं. माथ्याकडचे फुटवे तेव्हाच पुन्हा लावायचे. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात पाण्यातला क्षार ताटीवर पांढरा चढतो, ती लवकर बदलावी लागते. बदलायचीच असेल, तर ती परसात पिकलेली असण्यातच शहाणपण आहे.