रुखवतातल्या रुमालाचं कुळ

रुखवतात शेजारी शेजारी मांडलेल्या वस्तूंची वयं एकमेकींशी जुळत नाहीत. गव्हले, नखुले, मालत्या, फेणोल्या ही वळवटं किती पिढ्या चालत आली आहेत, ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईलाही सांगता येत नाही. सुपारीचे भटजी, सजवलेले नारळ आणि साखरेचं तुळशी वृंदावन हेही तिथे वर्षानुवर्षांच्या हक्काने बसलेले असतात. त्यांच्या मध्ये, चांदीच्या तांब्याखाली, क्रोशाचा पांढराशुभ्र गोल रुमाल पसरलेला असतो. तो आजीच्या ट्रंकेतून निघालेला, कडेला किंचित पिवळट पडलेला असला की सगळ्यात पुरातन तोच वाटतो. प्रत्यक्षात थर्माकोल सोडला तर त्या मांडणीतला तो सगळ्यात धाकटा. एकूण क्रोशाचं वयच जेमतेम दोनशे वर्षं.

हे ऐकून क्रोशावाल्या बायका रागावतात. एवढी साधी गोष्ट! एक आकडी सुई, एक दोरा, फासातून फास. माणसाला ती हजारो वर्षांपूर्वीच सुचली असणार असं वाटतं, आणि तसे दावेही पुष्कळ झाले. पण संग्रहालयांमध्ये ‘प्राचीन क्रोशा’ म्हणून ठेवलेले मोजे तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा ते नाकाच्या सुईने, तुकड्या-तुकड्यांच्या दोऱ्याने केलेल्या वेगळ्याच विणीचे निघाले. लिस पालुदान या डॅनिश अभ्यासक बाईंनी क्रोशाचा माग काढण्यात वर्षं घालवली; त्यांनाही १८०० च्या अलीकडचाच भरवशाचा पुरावा मिळाला. स्कॉटलंडात मेंढपाळांच्या घरी आकड्याने लोकरीचे जाड कपडे विणत, त्याचा उल्लेख एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या आठवणींत येतो. छापील नमुने दिसतात ते १८२३ च्या सुमारास, ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात. म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून पाच वर्षं झाली होती, तेव्हा युरोपातल्या बायका पर्स विणायला शिकत होत्या.

मग आकडा आला कुठून? याची जी उपपत्ती बहुतेक अभ्यासक मांडतात ती आपल्या दाराशी येते.

गुजरातेतले मोची कातड्यावर भरतकाम करत. त्यांचं हत्यार आरी: लाकडी मुठीत बसवलेली बारीक टोचणी, टोकाशी खाच. तेराव्या शतकात मार्को पोलोने गुजरातेतल्या तांबड्या-निळ्या कातड्याच्या, सोन्याचांदीच्या तारेने पशुपक्षी भरलेल्या चटयांचं तोंड भरून वर्णन केलं आहे. पुढे हीच आरी कातड्यावरून कापडावर उतरली. सतराव्या शतकात खंबायत आणि सुरतेच्या बाजूचं रेशमी भरतकाम ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इंग्लंडात जात होतं. कापड ताणून बसवायचं, एका हाताने खालून दोरा धरायचा, दुसऱ्या हाताने वरून आरी टोचायची, दोऱ्याचा फास वर ओढायचा, पुढच्या टोचणीत त्यातून दुसरा फास. साखळी टाका. सुईने एकेक साखळी घालण्यापेक्षा कितीतरी वेगाने होतो.

अठराव्या शतकाच्या मध्यावर हे तंत्र फ्रान्समध्ये पोचलं आणि थेट राजवाड्यात शिरलं. कापड ढोलक्यासारख्या गोल चौकटीवर ताणायचं म्हणून त्याला ‘तांबूर’ म्हणू लागले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत द्रुएने काढलेलं मादाम द पाँपादूरचं मोठं चित्र आहे, १७६३-६४ चं. पंधराव्या लुईची ही मैत्रीण फुलाफुलांचा झगा घालून तांबूरच्या चौकटीपाशी बसली आहे. चित्र पुरं होण्याआधीच ती वारली. भुजच्या मोच्याच्या हातात जी आरी चामड्याच्या वासात वावरली, तिची बहीण व्हर्सायच्या बाईच्या हातात. आरीच्या घराण्यात याहून मोठं लग्न दुसरं झालं नसेल.

यापुढची पायरी अशी सांगतात: कुणीतरी खालचं कापड काढून टाकलं. फासातून फास ओढताना साखळी कापडाशिवायही टिकते, हवेतच पुढे सरकते, आणि मागे वळून आधीच्या साखळीत आकडा घातला की आपलं कापड आपणच तयार होतं. हे कुणी, कुठे, कोणत्या साली केलं याची नोंद नाही, त्यामुळे ही वंशावळ शपथेवर सांगता येणार नाही. पण क्रोशा शिकणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी अजून साखळीच घालायला लावतात, तिच्यावर मग खांब आणि अर्धे खांब उभे राहतात. आरीवाल्याला ती साखळी दाखवली तर तो ओळखेल.

या कामात बायका रमतात त्याचं अर्धं कारण त्या हवेतल्या साखळीत आहे. दोन सुयांच्या विणकामात एका वेळी शंभरेक टाके जिवंत असतात. एक निसटला की खालपर्यंत शिडी सुटते, आणि अर्धवट काम बाजूला ठेवताना जीव मुठीत. क्रोशात जिवंत फास एकच. कुकरची शिट्टी झाली की तो जरा लांबवून ठेवायचा, भात उतरवून यायचं, पुन्हा आकडा घालायचा. चुकलं तर दोरा ओढायचा, सगळं सरसर उसवतं, दोरा वाया जात नाही. लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, मुलांच्या क्लासबाहेरच्या कट्ट्यावर पिशवीतून निघतं आणि पिशवीत जातं. मोजणी मात्र चोख लागते. गोल रुमालात प्रत्येक फेरीला खांब वाढवावे लागतात. कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला लाटा येतात. लाटा आल्या की सासूबाई नाक मुरडत. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टाइमिना या गणिती बाईंनी १९९७ साली त्याच लाटा मुद्दाम, हिशेबाने विणल्या, आणि कागदावर नीट दाखवता न येणारी हायपरबोलिक भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली. घरोघर दोष म्हणून उसवलेल्या रुमालांत किती भूमिती वाया गेली असेल!

पण क्रोशा जगभर पसरला तो हौसेपायी नव्हे, पोटापायी. ही गोष्ट आयर्लंडची आहे आणि ती जरा थांबून सांगायला हवी.

१८४५ साली तिथल्या बटाट्यावर करपा पडला. सलग काही वर्षं पीक सडलं, सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, आणखी दहा लाखांनी देश सोडला. शेत गेलेल्या कुटुंबाकडे विकायला काय उरतं? बायकांची बोटं. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक इथल्या उर्सुलिन जोगिणी आपल्या शाळेत क्रोशा शिकवत होत्याच. दुष्काळात त्याचं रोजगार हमीचं काम झालं. उत्तरेला क्लोन्स या गावी १८४७ मध्ये बदलून आलेल्या पाद्र्याच्या पत्नी, कसांड्रा हँड, यांनी शिक्षिका आणवून गावातल्या बायकांना तयार केलं. क्रोशाच का, तर खऱ्या लेसला उशी, शेकडो टाचण्या, डझनावारी फिरक्या आणि वर्षांची उमेदवारी लागते. इथे एक आकडा आणि दोरा. मुलगी काही आठवड्यांत कमवू लागते. धातूचा आकडा मिळाला नाही तर तार वाकवून बुचात खोचायची.

नक्कल करायची होती व्हेनिसच्या महागड्या सुई-लेसची, पण हाताखालून निघालं ते निराळंच. गुलाब, द्राक्षांचे घोस, तीन पानांचा शॅमरॉक, सगळं जाड दोऱ्याच्या गाभ्यावर विणून उठावदार केलेलं. प्रत्येक फूल सुटं करायचं, मग कापडावर टाचून मधली जाळी भरायची. त्यामुळे कामाची वाटणी झाली: एका घरात फक्त गुलाब, दुसऱ्यात पानं, तिसरी बाई जोडणारी. घराण्याचा खास नमुना बाहेर जाऊ नये म्हणून शेजारीण आली की काम पदराआड जाई. लंडन-पॅरिसच्या बायकांच्या गळ्याशी ही लेस पोचली, आणि तिच्या पैशांतून कित्येक मुलींनी अमेरिकेच्या बोटीचं तिकीट काढलं. हे सारं इंग्रज बायकांना घरबसल्या शिकवणारी पुस्तकंही त्याच दशकात निघाली. त्यांत रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंचं नाव मोठं. आकडा तोच, पण लंडनच्या दिवाणखान्यात त्याला छंद म्हणत आणि क्लोन्सच्या झोपडीत भाकरी. राणी व्हिक्टोरियाही क्रोशा करायची. ऐंशी उलटल्यावर, १९०० साली, तिने बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी आठ गळपट्टे विणले. ते सैनिकांना शौर्यपदकासारखे दिले गेले.

दोऱ्याचीही छोटी गोष्ट आहे. नेपोलियनच्या युद्धांमुळे रेशीम मिळेना, तेव्हा स्कॉटलंडातल्या पेस्ली गावी क्लार्क घराण्याने सुताचा तितकाच गुळगुळीत दोरा काढला. पुढे त्याच गावात कोट्सची गिरणी आली. हे पेस्ली म्हणजे काश्मिरी शालींच्या नकला करून मालामाल झालेलं, आपल्या कोयरीला जगभर स्वतःचं नाव चिकटवून दिलेलं गाव. आरी इथली, कोयरी इथली, आणि आजीच्या रुमालाचा दोरा तिकडून गुंड्याने यायचा. असो.

भारतात क्रोशा परतला तो मिशनऱ्यांबरोबर. गोदावरीच्या खोऱ्यात १८४४ च्या सुमारास मॅक्रे नावाच्या स्कॉटिश दांपत्याने तो बायकांना शिकवला असं सांगतात, आणि तिथून नरसापूर-पालकोल्लूच्या पट्ट्यात घरोघर पसरला. आयर्लंडची वाटणी इथेही तशीच: एक बाई फुलं करणार, दुसरी जोडणार, दलाल दोरा देणार आणि माल नेणार. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस तिथे राहिल्या आणि १९८२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते असं की या बायका दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणत होत्या, त्यांचा माल युरोप-अमेरिकेत खपत होता, निर्यातदार गब्बर होत होते. आणि सरकारी कागदांत व शेजाऱ्यांच्या तोंडी त्या ‘घरात बसून फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या’ बायका होत्या. काम दिसू नये म्हणून ते हौस ठरवलं, आणि हौस ठरवलं म्हणून मोबदला नाममात्र. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. नावाची तरी दखल घेतली गेली.

मराठी घरांत मात्र क्रोशा आला तो हौसेच्याच दाराने. मिशनच्या आणि पुढे आपल्या मुलींच्या शाळांत शिवण-विणकाम हा विषय असे, कारण मुलीला अक्षर कशाला म्हणणाऱ्या वडिलांनाही तो पटायचा. १९०९ मध्ये निघालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग होते, पण ते प्रौढ बायकांनी, विशेषतः विधवांनी, स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून. घरातल्या उपवर मुलीचा क्रोशा निराळा. ‘विणकाम येतं का?’ हा प्रश्न पोह्यांच्या बशीबरोबर यायचा, आणि रुखवत हे त्याचं जाहीर उत्तर. दाराचं मण्यांचं तोरण, ताटावरचा रुमाल, दुधाच्या पेल्यावर मणी लावलेली जाळी, पाटाभोवतीची झालर. लग्नानंतर रेडिओला आणि मग टीव्हीला अंगरखा. बारशाला कुंची, टोपडं आणि दोन बोटांएवढे मोजे. गोव्यातल्या चर्चमध्ये वेदीवरच्या कापडाच्या काठाला हेच काम, आणि तिथल्या घराच्या खिडक्यांनाही.

या रुखवताची थट्टा करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. टीव्हीच्या अंगरख्याबद्दल मीही ती करीन. पण वहिनीच्या लग्नासाठी तीन नणंदांनी दुपारी ओटीवर बसून एकच टेबलक्लॉथ तीन कोपऱ्यांतून विणत आणला, यातली मजा बाजारातून वस्तू आणणाऱ्याला कळायची नाही. वस्तू कुणासाठी, कुठल्या दिवसासाठी आहे हे पहिल्या साखळीपासून ठाऊक असतं. मुंजीच्या बटूची टोपी तयार होईतो डोकं मोठं झालं, असंही होतं.

एक गोष्ट क्रोशाच्या बाबतीत विलक्षण आहे. कापड, मोजे, लेस, भरतकाम, सगळ्याला यंत्र निघालं. खऱ्या क्रोशाला कारखान्यात चालेल असं यंत्र अजून आलेलं नाही. आकडा वाटेल तिथून, वाटेल त्या दिशेने घातला जातो, आणि तो कुठे घालायचा हे दर टाक्याला ठरवावं लागतं. दुकानात मीटरवर मिळते ती ‘क्रोशा लेस’ दुसऱ्याच तऱ्हेच्या विणकाम-यंत्रातून येते. उलटी धरून बघितली तर उभ्या रांगा सरळ पळताना दिसतात. तेव्हा मॉलमध्ये खरा क्रोशाचा टॉप स्वस्तात टांगलेला दिसला, तर तो कुणीतरी बोटांनीच केलेला आहे, आणि तिला काय मिळालं असेल त्याचा अंदाज किमतीवरून बांधावा.

आता आपल्याकडच्या बायकाही फोनवर ऑर्डरी घेतात. राखीला क्रोशाच्या राख्या, गणपतीत मखराला न कोमेजणारी जास्वंद, बाळाला हत्ती. किंमत विचारली की जुन्या वळणाच्या बायका अजूनही आधी दोऱ्याचे गुंडे मोजतात आणि तासांपाशी आल्या की ‘ते राहू द्या हो’ म्हणतात. त्यांच्या मुली तास आधी धरतात. आगाऊ रक्कमही घेतात, आणि लग्नसराईच्या गिऱ्हाइकाला स्पष्ट बजावतात की रुखवताचं तोरण हवं असेल तर दिवाळीच्या आधी सांगा. तुळशीचं लग्न लागल्यावर फोन केलात तर चारच फुलं मिळतील, तीही एका रंगाची.