खाडीच्या पाण्याची नोंदवही



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. मी आज आपणांस पाण्याचा इतिहास सांगणार आहे. तो घडला अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, रोड आयलंड राज्यातील नॅरागॅन्सेट उपसागरात. तेथेही नद्यांचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळते. म्हणून मांडवी-झुवारीच्या काठी वाढलेल्या आपणांस तो परका वाटू नये.

अशा पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. ‘प्लँक्टन’ ही मूळ संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये योजिली. हे प्लवक सूर्यप्रकाशात अन्न निर्माण करतात. प्राणिप्लवक आणि शिंपले त्यांवर जगतात, आणि पुढे मासे त्या प्राणिप्लवकांवर.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस रोड आयलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक साधा नेम धरला. दर आठवड्यास ठरल्या जागेचे पाणी घ्यावयाचे, त्याचे तापमान व खारटपणा मोजावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्लवकांची जातवार गणना करावयाची. थिओडोर स्मेडा यांनी हा नेम कित्येक दशके निष्ठेने चालविला.

पूर्वी तेथे हिवाळ्याच्या अखेरीस करंडक शैवालांचा मोठा बहर येत असे. १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत पाण्याचे तापमान सुमारे दीड अंश सेल्सिअसने वाढले. बहर क्षीण होत गेला. १९६८ ते २०१९ या काळात वनस्पतिप्लवकांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. कडक थंडीत प्राणिप्लवकांची भूक मंद असते. शैवाल भरपूर वाढते आणि उरलेले तळाशी जाऊन तेथील जीवांना पोसते. हिवाळा उबदार झाला की चरणारे जीव लवकर सक्रिय होतात आणि बहर भरण्यापूर्वीच फस्त होतो, हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. एकविसाव्या शतकात सांडपाण्यातील नायट्रोजनही कमी करण्यात आला. परंतु घट त्याआधीच सुरू झाली होती. दोन कारणांचा हा क्रम उलगडला तो केवळ अखंड नोंदींमुळे.

आपल्या नद्यांवर हिवाळ्याची नव्हे, पावसाळ्याची सत्ता चालते. जून ते सप्टेंबर त्या गोड्या पाण्याने भरतात, उन्हाळ्यात खारे पाणी दूरवर आत शिरते, आणि त्यानुसार प्लवकांच्या जाती बदलतात. म्हणून नॅरागॅन्सेटचा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावणे योग्य नव्हे. तेथील चिकाटी मात्र घेण्याजोगी आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आपल्या दारीच या नद्यांचा अभ्यास केला आहे. त्याला शाळेचीही जोड मिळू शकते.

ज्या पाण्यात तिसऱ्या वाढतात, त्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात. ते पाणी बदलत असेल तर केव्हापासून आणि किती, हे पुढच्या पिढीस सांगणे आपले कर्तव्य आहे. एक तापमापक, एक बादली आणि एक वही यांवर या शाळेच्या विज्ञानमंडळाने आरंभ करावा, आणि माजी विद्यार्थ्यांनी ती वही कधी बंद पडू देऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.