वऱ्हाडातील दांपत्याची गादी : राळेगाव परिसराच्या अनुषंगाने एक टिपण

गादी हा शब्द महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, गादीचा वारस, गादीवरील हक्क अशा प्रयोगांनी आपले ऐतिहासिक वाङ्मय भरून गेले आहे. परंतु ज्या वस्तूवरून सत्तेला हे नाव मिळाले, ती खोळीत रुई भरून दोऱ्याने टाचलेली वस्तू इतिहासलेखकांच्या दृष्टीतून बहुधा निसटली आहे. राजाने बसावयाची गादी आणि नवरा-बायकोने निजावयाची गादी यांची घडण एकाच कारागिराच्या हातची; पहिलीसाठी लढाया झाल्या म्हणून तिची नोंद राहिली, एवढेच. प्रस्तुत टिपणात दुसऱ्या गादीचा विचार करावयाचा आहे. नव्या संसारासाठी गादी निवडताना पूर्वी नेमके काय निवडले जात असे, आणि ती निवड आज कोणत्या स्वरूपाची झाली आहे, हा प्रश्न कापसाच्या मुलखात विचारण्यासारखा आहे.

राळेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पूर्वी या जिल्ह्याचे नाव वणी जिल्हा असे होते. १९०५ मध्ये ते यवतमाळ झाले. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे हिंगणघाट, म्हणजे मध्य हिंदुस्थानातील कापसाची जुनी व नामांकित पेठ. तेथील ‘बनी’ जातीचा कापूस लांब व मऊ धाग्यासाठी प्रसिद्ध होता. आगगाडी येण्यापूर्वी या भागातील कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि वऱ्हाडची काळी जमीन परदेशी गिरण्यांच्या हिशेबात आली. १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडातील कापूस व धान्याच्या बाजारांचे नियमनही झाले. हा सर्व इतिहास गिरण्यांचा व निर्यातीचा म्हणून लिहिला गेला. घरात राहिलेल्या रुईचा हिशेब त्यात येत नाही.

आता शय्येकडे वळू. दोघांसाठी एकच रुंद गादी ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते की ती अलीकडची आहे हे सांगावे लागते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त शय्या व आसने यांवर स्वतंत्र अध्याय आहे. तेथे राजाची शय्या शंभर अंगुळे लांब, राजपुत्राची नव्वद, मंत्र्याची चौऱ्यांशी, सेनापतीची अठ्ठ्याहत्तर आणि पुरोहिताची बहात्तर अशी मापे दिली आहेत; रुंदी मात्र लांबीच्या निम्म्याहूनही कमी. अंगुळ पाऊण इंचाचे धरले तर राजाचा पलंग सव्वासहा फूट लांब आणि जेमतेम तीन फूट रुंद भरतो. मानपानाची गणती लांबीत झाली, रुंदी एका माणसाचीच राहिली. वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’त नागरकाच्या खोलीचे वर्णन करताना दोन्ही बाजूंना उशा असलेली, मध्ये किंचित दबलेली, शुभ्र आच्छादनाची शय्या सांगितली आहे, आणि तिच्या जवळ आणखी एक लहान शय्या मांडावयास सांगितली आहे. ज्या ग्रंथाचा विषयच स्त्रीपुरुषांचा सहवास, तोसुद्धा दुसरी शय्या मांडतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

शेतकऱ्याच्या घरी पलंग नव्हता. सुंभाने विणलेली बाज, घोंगडी, वाकळ, फार तर एखादी सतरंजी. वाड्यातसुद्धा पुरुषमंडळी ओसरीवर आणि बायका माजघरात निजत. नवविवाहितांना मिळे तेवढाच एकांत. गादी घरात शिरे ती बहुतेक लग्नाच्या निमित्ताने, मुलीच्या आंदणातून. आणि घरातून बाहेर जाई ती दानाच्या निमित्ताने: मृत्यूनंतरच्या विधींत शय्यादान सांगितले आहे. सुखवस्तू कुटुंबात गादीचे आयुष्य असे दोन संस्कारांच्या मध्ये पडलेले दिसते.

ही गादी करणारा पिंजारी. त्याची गणना बारा बलुतेदारांत होत नाही; तो बहुधा मुसलमान, आणि काम संपले की मोबदला घेऊन पुढच्या गावी जाणारा. त्याच्या खांद्यावरची मोठी धनुकली, तिला ताणून बांधलेली तात आणि तातीवर आघात करणारा लाकडी ठोकळा ही जुन्या पिढीच्या कानांत बसलेली साधने आहेत. तातीच्या कंपनाने रुईचे गुंते सुटत, कचरा व धूळ खाली गळे आणि तंतू मोकळे होऊन फुलत. मग गादीपाटाची खोळ उलटी अंथरून तिच्यावर रुईचे थर लावावयाचे, सर्व गुंडाळून खोळ सुलटी करावयाची, काठीने झोडून रुई कोपऱ्यांपर्यंत पोचवावयाची आणि दाभणाने ठिकठिकाणी टाके घालावयाचे. हे सारे अंगणात, घरच्यांच्या डोळ्यांदेखत चाले. घरातील वडीलधारी बाई मूठभर रुई हाती घेऊन दाबून पाही. सोडल्यावर ती उसळून वर आली तर पसंत. कवडी कापूस मिसळला आहे की काय, सरकीचे तुकडे राहिले आहेत की काय, हे तिला बोटांनी समजे. निवड होई ती रुईची, कापडाची आणि कारागिराच्या हाताची. तयार वस्तूची नव्हे.

काळही ठरलेला असे. सीतादही करून वेचणीला आरंभ होई, आणि चैत्र-वैशाखाच्या लग्नसराईपर्यंत घरात नवी रुई शिल्लक असे. तीन फूट रुंद व सहा फूट लांब गादीला साधारणतः आठ ते बारा किलो रुई लागते. कापसातून रुई एक तृतीयांशाच्या आसपास निघते. म्हणजे दोन गाद्यांसाठी वीस किलो रुई धरली तर सुमारे साठ किलो कापूस घरी ठेवावा लागे. बाजारात नेला असता त्याचे पैसे झाले असते. मुलीच्या गादीसाठी केलेला हा त्याग लहान शेतकऱ्याला हलका नव्हता.

येथे एक उलटी गोष्ट सांगितली पाहिजे. गिरणीला जो कापूस उत्तम, तो गादीला उत्तम नव्हे. लांब व तलम तंतू दाबाखाली लवकर एकजीव होतो व त्याच्या गाठी बनतात. आखूड, जाडसर तंतू दबूनही पुन्हा वर येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यप्रांत व वऱ्हाडच्या शेतकी खात्याने ‘रोझियम’ हे देशी वाण पसरविले. रुईचा उतारा अधिक हे त्याचे बळ, धागा आखूड हा त्याचा दोष. बनीच्या ऱ्हासाबद्दल वस्त्रोद्योगाच्या अभ्यासकांनी हळहळ व्यक्त करावी हे योग्यच. पण गादीच्या दृष्टीने ती हळहळ अनाठायी ठरते. जपानी लोकांनी हे नीट ओळखले होते. नागपूरची एम्प्रेस मिल ज्यांनी १८७७ मध्ये सुरू केली, त्याच जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये एका जपानी कंपनीची मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू झाली आणि हिंदी कापूस तिकडे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. त्यातील आखूड धाग्याचा कापूस तेथील फुतोन नावाच्या, जमिनीवर अंथरावयाच्या गाद्यांनाही उपयोगी पडला. जुनी फुतोन उसवून तिचा कापूस पुन्हा पिंजून नवी करण्याची रीत जपानातही होती. पिंजाऱ्याचे वर्तुळ आपल्यापुरते नव्हते.

या पुनःपिंजणीतच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे, असे मला वाटते. कापसाची गादी घामाने जड होते, दबते, मध्ये खोल पडते. तिला वरचेवर उन्हात टाकावे लागते आणि काही वर्षांनी उसवावे लागते. दहा किलोची गादी एकटी बाई उचलून अंगणात नेऊ शकते. सहा फूट रुंद, वीस-बावीस किलोची गादी दोघांनाही नीट उचलता येत नाही, आणि जी उचलता येत नाही तिला ऊन मिळत नाही. दांपत्याच्या दोन जोडगाद्या होत्या याचे कारण काही लोक जुन्या काळच्या संकोचात शोधतात. मला ते कापसाच्या वजनात सापडते. शिवाय जोडगाद्यांत दोन शरीरांचा भेद सांभाळला जाई. नवरा वजनाने भारी असेल तर त्याच्या गादीत दीड-दोन किलो रुई अधिक घालावयाची, पाठदुखीच्या माणसाची गादी घट्ट टाचावयाची. एकीचा खड्डा दुसरीत उतरत नसे.

ही व्यवस्था मोडली ती दोन दिशांनी. १९२९ च्या सुमारास इंग्लंडात डनलॉप कंपनीत रबराच्या चिकाचा फेस तयार झाला. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. त्यांच्या गाद्या आपल्या शहरांत पोचल्या तेव्हा लोकांनी सर्वच फेसाच्या गाद्यांना ‘डनलॉपची गादी’ म्हटले. पाठोपाठ रबर लावलेल्या काथ्याची गादी आली. या गाद्या उन्हात टाकाव्या लागत नाहीत, म्हणून त्या कितीही रुंद करता येतात. दुहेरी पलंग घरोघर शिरला तो या सोयीने. दुसरी दिशा शेताची. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली आणि थोड्याच वर्षांत वऱ्हाडात संकरित, लांब धाग्याच्या वाणांनी देशी कापसाला कडेला सारले. पिंजाऱ्याची धनुकली जाऊन विजेचे यंत्र आले होतेच. आता त्या यंत्रात घालावयाची योग्य रुईही दुर्मिळ झाली. राळेगावच्या शेतात कापूस उभा असतो आणि घरातील नवी गादी खनिज तेलापासून झालेली असते. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याच्या अर्थकारणावर लिहिणाऱ्यांनी या विसंगतीची नोंद घ्यावयास हवी होती.

नव्या गादीची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. ती हलकी आहे, तिच्यात रुईच्या गाठी होत नाहीत, आणि गादी रोज उचलण्याचे बायकांचे कष्ट तिने वाचविले, हे लहान काम नव्हे. परंतु निवडीचे स्वरूप मात्र पालटले. बंद खोळीत काय आहे हे बोटांना कळत नाही. छापील नाव, जाडी आणि हमीची वर्षे पाहून निर्णय करावा लागतो. कडक गादी पाठीला बरी, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील ३१३ पाठदुखीच्या रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात नव्वद दिवसांनंतर अगदी कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचे आढळले. नीट पिंजलेली व योग्य टाचलेली कापसाची गादी साधारण याच जातीची. यवतमाळच्या उन्हाळ्यात फेस अंगाची उष्णता धरून ठेवतो, हा मुद्दा वेगळाच; पूर्वी त्या दिवसांत गादीच गुंडाळून ठेवीत आणि बाज अंगणात येई.

दुहेरी गादी घेताना दोघांनीही एकाच वेळी तिच्यावर आडवे होऊन पाहावे, एक कुशीवर वळला असता दुसरा हलतो काय ते पाहावे, असे आज सांगतात. वजनांत फार अंतर असेल तर तीन-तीन फुटांच्या दोन गाद्या एकाच पलंगावर शेजारी ठेवाव्यात, असाही सल्ला दिला जातो, आणि तो नवीन म्हणून दिला जातो. वऱ्हाडातील आंदणाच्या गाद्या अशाच असत. दोहोंमधील फट झाकण्याचे काम वर अंथरलेली एकच रुंद चादर करीत असे.