शाहूराजांची खुलताबादची वाट

संभाजीराजांचा शेवट सांगू लागलो की पोरांचा वर्ग चिडीचूप होतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. 1689 च्या फेब्रुवारीत राजे संगमेश्वरी पकडले गेले आणि 11 मार्चला हाल हाल करून त्यांचा वध झाला. यातले काही मऊ करून सांगावे असे आम्हांला वाटत नाही. मुलांपासून क्रौर्य लपवले तर ती ते दुसरीकडे ऐकतात, आणि तेथे ते द्वेषाची फोडणी घालूनच मिळते. आमची तक्रार एवढीच की धडा येथेच मिटतो.

पुढचे पान असे आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाईंसह सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले. ज्याने बाप मारला त्याच्याच छावणीत हे पोर लहानाचे मोठे झाले. बादशहाने त्यांना सात हजारी मनसब दिली. त्याची मुलगी झीनतुन्निसा बेगम हिने मायेने सांभाळ केला. म्हणून हे चित्र गोड रंगवू नये. 1703 मध्ये याच बादशहाने शाहूंना मुसलमान होण्याचा आग्रह धरला. शाहू बधले नाहीत. त्यांच्याऐवजी प्रतापराव गुजरांच्या दोघा मुलांनी धर्म बदलला, असे सांगतात. माया आणि जुलूम, दोन्ही त्याच छावणीत होते.

1707 च्या आरंभी अहमदनगरजवळ औरंगजेब वारला. पुढे भोपाळकडील दोराह्याच्या मुक्कामी आझमशहाने शाहूंना सोडले. दक्षिणेत उतरल्यावर शाहू बादशहा वारला त्या जागी गेले, गोरगरिबांस अन्न व पैसा वाटला, आणि मग खुलताबादेस त्याच्या कबरीचे दर्शन घेतले. हे लिहिणारा खाफीखान काही मराठ्यांचा मित्र नव्हे. शिवाजीराजांच्या मृत्यूचे साल ‘काफर नरकात गेला’ या अर्थाच्या शब्दांतून काढणारा हा गृहस्थ! पण महाराजांनी मशिदींना व कुराणाला धक्का लागू दिला नाही, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे.

‘बापाच्या मारेकऱ्याच्या कबरीवर?’ असे मूल विचारणारच. ही क्षमा की राजकारण? आमच्या मते दोन्ही, आणि मुलांना तसेच सांगावे. येसूबाई अजून मोगलांकडे ओलीस होत्या. इकडे ताराबाई शाहूंना तोतया ठरवीत होत्या. त्याच ऑक्टोबरात खेडला दोन्ही फौजांची गाठ पडली. अशा वेळी कबरीपुढे नमणे सोयीचेही होते. निव्वळ संताला साधणारी क्षमा सांगितली, तर मुले ती देवघरात ठेवून मोकळी होतात. शिवाय शाहूंनी तलवार काही म्यान केली नाही. त्यांच्याच कारकीर्दीत, 1737 मध्ये, बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आला. साताऱ्यातील बेगम मशीद झीनतुन्निसेच्या स्मरणार्थ शाहूंनी बांधविली, असेही तेथे सांगतात. सहलीला गेलेल्या किती शाळा ती दाखवितात, कोण जाणे!

2025 च्या मार्चमध्ये याच कबरीच्या वादावरून नागपुरात दंगल उसळली. त्या दिवसांत मुले घरी जे ऐकत होती त्याला उत्तर म्हणून भाषण ठोकण्याचा मोह आम्ही आवरला. फळ्यावर तीन साले लिहिली: 1689, 1707, 1719. पहिल्या साली आई आणि मूल कैदेत गेले. दुसऱ्या साली मूल सुटले आणि वाट वाकडी करून त्या कबरीपाशी गेले. तिसऱ्या साली, तब्बल तीस वर्षांनी, आई साताऱ्यास घरी आली.