ध्वनिवाहिन्यांची अदलाबदल

ध्वनिवाहिन्यांची अदलाबदल म्हणजे स्टिरिओ ध्वनीतील डाव्या वाहिनीचा आवाज उजव्या स्पीकरमधून आणि उजवीचा डाव्या स्पीकरमधून ऐकू येणे होय. ती चुकीने घडते, तसेच अशी चूक सुधारण्यासाठी संगणकावर मुद्दामही केली जाते. तीमुळे स्वर वा लय बदलत नाही. बदलते ती केवळ दिशा. दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो स्वरूपात ऐकल्यास फरक मुळीच जाणवत नाही. त्यामुळे एकाच स्पीकरवर तपासलेल्या मुद्रणातील हा दोष लपून राहतो.

तारपा नृत्याचे ध्वनिमुद्रण

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत वारली समाजाचे तारपा नृत्य प्रचलित आहे. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाची पाने यांपासून बनवलेल्या तारप्याच्या सुरावर, वादकाच्या वळणांबरोबर नर्तकांची साखळी फिरत जाते. रिंगणाबाहेरून स्टिरिओ मुद्रण केल्यास जवळून जाणाऱ्या नर्तकांची पावले एका बाजूकडून दुसरीकडे सरकताना ऐकू येतात. वाहिन्या उलटल्यास रिंगण विरुद्ध दिशेने फिरत असल्याचा भास होतो. चित्रफितीत ही विसंगती डोळ्यांना दिसते. केवळ ध्वनी जपलेला असल्यास अभ्यासकाला ती ओळखण्यास आधार उरत नाही. त्यात 'डावी' कोणाची, हा घोळ असतोच: वादकाची डावी बाजू समोरच्या श्रोत्याची उजवी असते. मुद्रणाच्या आरंभी मायक्रोफोनच्या डावीकडे उभे राहून 'डावी बाजू' असे उच्चारून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय होय.

कारणे व तपासणी

स्पीकरच्या जागा बदलणे, हेडफोन उलटा घालणे किंवा पिना चुकीच्या जागी खोचणे ही नेहमीची कारणे होत. प्रचलित संकेतानुसार लाल पिन उजव्या वाहिनीची, तर पांढरी वा काळी पिन डावीची असते. संगणकाच्या ध्वनी-मांडणीत डावी वाहिनी शून्यावर आणल्यावर उजवा स्पीकर गप्प झाला, तर दोष जोडणीत आहे. डावाच गप्प झाला, तर संशय मूळ फाइलवर जातो.

उपाय

जोडणीतील दोष तारा बदलूनच दूर करावा. ते शक्य नसल्यास मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये स्पीकरच्या वाहिन्या बदलता येतात. विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ' ही मोफत आज्ञावली वापरली जाते, तर लिनक्सवर पल्सऑडिओत वाहिन्यांचा क्रम उलटवता येतो. फाइलमधील दोषासाठी ऑडॅसिटीत अदलाबदलीची सोय आहे. संग्रहातील मूळ फाइल मात्र तशीच ठेवून दुरुस्ती प्रतीवर करावी व तशी नोंद ठेवावी. नोंद नसल्यास पुढचा संपादक तीच दुरुस्ती पुन्हा करतो आणि दोष परत येतो.