मळी, पाणी आणि मोटार : मिश्र इंधनाच्या आरंभीच्या चाचण्या

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा विचार कोल्हापूर परिसरात बहुधा एकविसाव्या शतकातील नवा उपक्रम म्हणून केला जातो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. फ्रान्समध्ये मद्यार्कावर धावणाऱ्या मोटारींची शर्यत १८९९ मध्येच झाली होती. अमेरिकेने १९०६ मध्ये औद्योगिक मद्यार्कावरील कर उठविला आणि पुढील दोन-तीन वर्षांत तेथे इंजिनांच्या पद्धतशीर चाचण्या झाल्या. ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो यांनी १९२० च्या सुमारास मद्यार्काचे गुणधर्म अभ्यासले.

या चाचण्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. मद्यार्काची उष्णता आकारमानाने पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. ज्वलनास हवा मात्र कमी लागते, पेट्रोलच्या सुमारे पंधरा भागांऐवजी नऊ. म्हणून निव्वळ मद्यार्कासाठी कार्बुरेटरचे छिद्र मोठे करावे लागे. १०-२० टक्के मिश्रणात एवढा खटाटोप नसे. उलट इंजिनाची ठोठावणी कमी होई. अडचण होती ती पाण्याची. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क वजनी ९५.६ टक्क्यांपलीकडे शुद्ध होत नाही आणि उरलेल्या पाण्यामुळे, विशेषतः थंडीत, मिश्रणाचे दोन थर होतात. निर्जल मद्यार्काची औद्योगिक पद्धती १९२० च्या दशकात रुळली, तेव्हाच मिश्र इंधन व्यवहार्य झाले.

भारतात त्याला निमित्त मिळाले ते साखरेचे. १९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर चार-पाच वर्षांत कारखान्यांची संख्या शंभरावर गेली. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (१९२२-१९४०) कसबा बावड्यातही कारखाना उभा राहिला. गुऱ्हाळावर भेंडीच्या चिकाने रसावरून काढली जाते तीही मळी. कारखान्याची मळी निराळी, साखर काढून उरलेला दाट पाक. तिची विल्हेवाट ही कारखान्यांची डोकेदुखी होती. पॉवर अल्कोहोल हा त्यावरील उपाय म्हणून पुढे आला; संयुक्त प्रांताने १९४० मध्ये त्यासाठी कायदाही केला.

येथपासून प्रश्न इंजिनाचा राहिला नाही, तो अबकारीचा झाला. १९४८ च्या केंद्रीय कायद्याने पेट्रोलमध्ये २५ टक्क्यांपर्यंत पॉवर अल्कोहोल मिसळण्याची सक्ती करण्याचा अधिकार शासनाला दिला. लगेच १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. जो पदार्थ एका कायद्याने इंधन, तोच दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने संशयित! पुढे रसायन उद्योगाने मद्यार्काला अधिक लाभदायक मागणी निर्माण केली. मोटारीच्या टाकीपर्यंत तो फारसा पोचला नाही.

योगायोग असा, की १९४८ चा कायदा २००० मध्ये रद्द झाला आणि लगेच २००१ मध्ये केंद्र शासनाने मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेली येथे ५ टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू केले. मिरजेच्या प्रयोगात इंजिनाविषयी मूलभूत असे थोडेच शोधायचे उरले होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कसोटी होती साठवणुकीची, वाहतुकीची आणि दराची. जानेवारी २००३ पासून ९ राज्ये व ४ केंद्रशासित प्रदेशांत मिश्रण सक्तीचे झाले. परंतु ऊस घटला, इथेनॉल पुरेसे मिळेना, आणि २००४ मध्ये ती सक्ती शिथिल करावी लागली.